बाहेरची कडी

१ जानेवारी २००३, बुधवार. सकाळी ७.१०

पाचला उठायचं ठरवलं होतं. अलार्म वाजला नाही. वाजला होता, असं वत्सला म्हणते. वर्षाच्या पहिल्या दिवशी बायकोशी वाद नको म्हणून सोडून दिलं.

संकल्प: सुपारी बंद. पहाटे योगासनं. ऑफिसात आवाज चढवायचा नाही. मनालीचं लग्न अक्षय्य तृतीयेच्या आत. हा शेवटचा तसा संकल्प नाही, कर्तव्य आहे.

ही डायरी कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे इथे खरं तेच लिहायचं. मी रघुनाथ खैरनार, वय त्रेपन्न, हेडक्लार्क, शिवाय कॉलनीचा सेक्रेटरी. दोन मुली. थोरली रोशनी वणीला दिली होती. तीन वर्षांपूर्वी सासरी स्वयंपाकघरात स्टोव्हचा भडका उडाला आणि ती गेली. अपघात. एकदा लिहून टाकलं म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. धाकटी मनाली. बी.ए. झाली, सध्या घरीच असते.

४ जानेवारी, शनिवार

पाचला उठलो. शवासनापासून सुरुवात केली. सहा पन्नासला जाग आली.

शेजारी गॅस संपला म्हणून त्यांनी स्टोव्ह पेटवला होता. रॉकेलचा वास आला की मला मळमळतं. पित्त. खिडक्या लावून घेतल्या. वत्सलाने येऊन पुन्हा उघडल्या आणि तिथेच उभी राहिली. कधी कधी ती उगाच अशी उभी राहते.

१५ जानेवारी, बुधवार

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. पंधरा-सोळा बायका. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. कानावर पडत होतं त्याला माझा इलाज नाही.

समोरच्या कलाबाई रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका आहेत. त्यांनी कल्पना काढली. म्हणाल्या, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या किती वाटायच्या? त्यापेक्षा सगळ्या मिळून एक मोठं कापड भरू या, मांजरपाटाचं. ज्या गोष्टी आपण तोंडाने सांगत नाही त्या दोऱ्याने काढायच्या. कापड घरोघर फिरेल, प्रत्येकीकडे चार दिवस, आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी त्यांच्या ओट्यावर जमायचं. नियम दोन. नाव कोणी घालायचं नाही. आणि जिने टाका घातला तिनेच तो उसवायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

कल्पना बरी आहे, पण नुसत्या बायकांच्या हातात राहिली तर वाया जाईल. सुपरव्हिजन लागणार. मी बाहेर जाऊन तसं सांगितलं. सगळ्या गप्प झाल्या. मान्य आहे असं समजलो.

१९ जानेवारी, रविवार

दिवसभर बसून प्लॅन काढला. विषय 'नाशिक दर्शन'. मधोमध रामकुंड, एका अंगाला द्राक्षं, वर सप्तशृंगीचा गड. यंदा सिंहस्थ आहे, चार गावचे लोक येणार, प्रदर्शन भरवता येईल. मोठा अधिकारी बोलावून रिबीन कापायची. प्रास्ताविक मी करणार. ग्राफपेपरवर, स्केल टाकून, पेन्सिलीने काढलं. कलाबाईंना नेऊन दिलं. फार सुबक आहे, ठेवून जा, म्हणाल्या.

सुपारी नाही. बडीशेप खाल्ली. बडीशेपेत सुपारीची चार खांडं निघाली, ती टाकून देणं बरं दिसलं नसतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. दुपारी इन्स्पेक्शनला कलाबाईंच्या ओट्यावर गेलो. माझा ग्राफपेपर चहाच्या पातेल्याखाली होता.

एकाही बाईने द्राक्ष काढलेलं नाही. नामपूरच्या सुलाबाईंनी विहीर काढली आहे आणि काठावर एकच चप्पल. ही कोणाची, विचारलं. जावेची, म्हणाल्या. मग विहिरीत पाणी का नाही दाखवलं, विचारलं. तर म्हणतात, पानी खाल शे, भाऊ. कलाबाईंनी रिकामा पाळणा काढला आहे. कोणीतरी नुसता एक हात काढला आहे, फुटक्या बांगड्यांचा. सगळं अशुभ. प्रदर्शनात कोण बघणार? शिवाय पाळण्याच्या दोऱ्या एका मापाच्या नाहीत.

वत्सलाने आपला चौकोन कोरा ठेवला आहे. तिला सुचत नाही. मी पोपट सुचवला.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १

आनंदाची बातमी. वणीहून जयरामअण्णांचा फोन. अण्णा म्हणजे रोशनीचे सासरे. खतांची एजन्सी, बंगला, तालुक्यात शब्दाला वजन. म्हणाले, खैरनार, गोरक्ष तीन वर्षं एकटा आहे. नातं तुटायला नको, धाकटी आम्हाला द्या. मानपान काही नको.

केवढं मन! दुसरे असते तर आमच्या पोरीमुळे घराला दोष लागला म्हणाले असते. आपल्यात थोरलीच्या जागी धाकटी देतात, त्यात नवीन काही नाही. ओळखीचं घर, ओळखीचा मुलगा. मी फोनवरच हो म्हणालो.

जेवताना सांगितलं. मनाली ताटावरून उठून गेली. लाजली. वत्सला परातीतली कणीक मळत राहिली. पोळ्या केव्हाच झाल्या होत्या, तरी मळत होती. आनंद दाखवायची तिला सवयच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

कलाबाईंनी नवीन बाई आणली आहे. चांगुणा, सुरगाण्याकडची. पंचवटीतल्या भाजीबाजारात पाटी घेऊन बसते. भरतकाम येत नाही, फक्त गोधडी शिवता येते. मी म्हणालो, अशाने आपलं स्टँडर्ड घसरेल. कलाबाई म्हणाल्या, बसू दे.

चांगुणा माझ्याकडे फार वेळ बघत होती. मग म्हणाली, तुमाला पायलं हाय मी. वणीला, अण्णांच्या घरी. तवा मी तिथं भांडी घासायला व्हते.

तुझा काहीतरी घोटाळा होतोय, असं मी तिला सांगितलं. मला तिचा चेहरा आठवत नाही. खरंच आठवत नाही.

घरी येऊन सुपारी खाल्ली. एकच.

१६ फेब्रुवारी, रविवार

चांगुणाचं काम पाहिलं. जाड दोरा, गोधडीचा टाका, लांब लांब. घर काढलं आहे. त्याला हिरवं दार. दाराच्या खालच्या फटीतून केशरी दोरे बाहेर आलेले. आणि दाराला कडी, ती बाहेरच्या बाजूने कोयंड्यात अडकवलेली.

टेक्निकल चूक. मी सगळ्यांना शांतपणे समजावलं. आत जाळ आहे, म्हणजे आत चूल किंवा स्टोव्ह आहे. म्हणजे आत माणूस आहे. मग कडी बाहेरून कशी असेल? बाहेरून कडी लावली तर आतल्या माणसाने बाहेर कसं यायचं?

सुलाबाईंनी सुई खाली ठेवली. वत्सला माझ्याकडे बघत होती. चांगुणा म्हणाली, साहेब, मी जसं पायलं तसंच घालते. मला दुसरं नाय येत.

अडाणी माणसाशी किती बोलणार? शिवाय तिला कडीही काढता आलेली नाही. स्क्रू उपटल्यावर कडी इतकी सरळ राहत नाही. ती कोयंड्यातच राहते आणि लाकडाचा तुकडा घेऊन लोंबते. असो. मला काय करायचंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.१५

कापड कालपासून आमच्याकडे आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: पित्त. वत्सला बाजारात गेली, मनाली लायब्ररीत. कडी उसवली.

दाढीचं ब्लेड घेतलं. पाच मिनिटांचं काम होतं, पाऊण तास लागला. चांगुणाने प्रत्येक टाका दुहेरी घातला आहे. अंगठा कापला. कापडाला भोकं राहिली, ती ओल्या फडक्याने चोळली, नखाने घासली. लांबून दिसत नाहीत.

नियम बायकांचा आहे. सुपरव्हायजरला लागू होत नाही. आणि हे सगळं मी मनालीसाठी केलं. साखरपुडा सहा एप्रिलला ठरला आहे. वणीची माणसं घरी येणार, त्यांच्या नजरेला नको ते पडायला नको. कसलाही अर्थ नसलेल्या चित्राचा लोक भलताच अर्थ काढतात.

वत्सलाने अंगठा पाहिला. दाढी करताना, असं सांगितलं. दुपारी? म्हणाली. मी म्हणालो, हो, दुपारी.

२ मार्च, रविवार

कडी परत आली आहे.

चांगुणाची नाही. ही बारीक साखळी टाक्यात आहे, सुलाबाईंच्या हातची, मी ओळखतो. सगळ्यांसमोर विचारलं. सुलाबाई म्हणाल्या, हाऊ टाका मना शे, भाऊ.

मी म्हणालो, पण चित्र तुमचं नाही. त्या म्हणाल्या, आधीचा टाका कुणीतरी उसवला, ज्याने घातला नव्हता त्याने. जागा मोकळी दिसली म्हणून भरली. कलाबाईंनी चष्मा वर करून मला विचारलं, तुमच्याकडे असताना काही झालं का? मी म्हणालो, उंदीर झालेत आमच्याकडे. त्या म्हणाल्या, हुशार उंदीर आहे. कापड खाल्लं नाही, घर खाल्लं नाही, दार खाल्लं नाही, कडी तेवढी खाल्ली.

बायका हसतील असं वाटलं. कोणीच हसलं नाही, त्याचीच भीती वाटली. भीती हा शब्द बरोबर नाही. अनकम्फर्टेबल.

७ मार्च, शुक्रवार

कापड कलाबाईंकडे होतं. कॉलनीची वर्गणी मागायला गेलो, त्या चहा करायला आत गेल्या. ब्लेड खिशात होतं, योगायोगाने. साखळी टाक्याचं एक बरं असतं, टोक सापडलं की सरसर निघतो. चहाआधी काम झालं. चहात साखर जास्त होती, तरी प्यायलो.

९ मार्च, रविवार

पुन्हा आली. तिसऱ्या बाईची. उलट्या टिपेची, लाल दोऱ्यात, आधीपेक्षा बोटभर मोठी.

आज ओट्यावर नुसत्या नेहमीच्याच बायका नव्हत्या. मागच्या गल्लीतल्या होत्या. बाजारातल्या दोघी होत्या. कोणी भरत नव्हतं, नुसत्या येऊन कापडाजवळ बसत होत्या, बोटाने दाराला हात लावत होत्या आणि उठत होत्या. एकीने मला बसायला पाट दिला आणि स्वतः लांब सरकली.

प्रकल्प लोकप्रिय होतो आहे. हे माझ्या सुपरव्हिजनचं यश म्हणावं लागेल.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला बाजारात गेलो. चांगुणाच्या पाटीकडून जायचं नव्हतं, पण गर्दीने तिकडेच ढकललं. तिने जुडी बांधून हातात दिली आणि म्हणाली, ल्हान पोरगी पन तिथंच देताय म्हनं? जुडी तिथेच राहिली.

१६ मार्च, रविवार

गोरक्ष आणि त्याची आई येऊन गेले. साखरपुड्याची बोलणी. गोरक्ष आता भारदस्त दिसतो. चहा घेताना म्हणाला, मनाली रोशनीसारखी उलट बोलणारी नाही ना? मी हसलो. त्याने हसत हसत विचारलं होतं. त्याची आई म्हणाली, आमच्याकडे गॅस आहे, पण तो पाहुण्यांसाठी. घरच्या माणसांना स्टोव्हची सवय असलेली बरी. काटकसर आहे घरात. चांगलं लक्षण.

मनालीच्या हातातला ट्रे पडला. तीन कप फुटले. गोरक्ष तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, होईल सवय.

समजूतदार आहे.

ते गेल्यावर वत्सलाने कपाचे तुकडे गोळा केले. मी म्हणालो, झाडूने घे, हात कापेल. ती म्हणाली, अहो, त्या दिवशी तुम्ही माझ्या आधी वणीला पोचला होतात. मी म्हणालो, त्याचं आत्ता काय? ती म्हणाली, काही नाही.

२२ मार्च, शनिवार. दुपारी २.३०

मनाली टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी पत्रिकेचा मजकूर लिहीत होतो. म्हणाली, बाबा, ताई गेली तेव्हा दार कुठून बंद होतं?

मी म्हणालो, आतून. पोलिसांच्या कागदावर आहे तसं.

ती म्हणाली, मी कागदाचं नाही विचारलं. तुम्ही काय पाहिलं ते विचारते. तिकडे जायचंय मला.

मी म्हणालो, आत्ता मला ऑफिसात जायचंय. आज सुट्टी आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. ऑफिसला कुलूप होतं. पायरीवर सव्वा तास बसलो, पाच सुपाऱ्या झाल्या. वॉचमनने विचारलं, साहेब, बरं वाटत नाही का? पित्त, म्हणालो.

२८ मार्च, शुक्रवार

झोप नीट लागत नाही, पण त्यामुळे डोकं चांगलं चालतं. एकदम सुचलं. कापडाला घाबरायचं कशाला? ते आपल्या बाजूला घ्यायचं. साखरपुड्याला पाटाच्या मागे तेच लावायचं, पडदा म्हणून. म्हणजे अण्णांना दिसेल की कॉलनीत आपल्याला काय मान आहे. बायकांचाही सन्मान. एकदा समारंभात लागलं की त्यातलं दुखणं निघून जाईल, राहील ती नुसती शोभा. फक्त कडी तेवढी नको.

कलाबाईंकडे जाऊन तसं स्पष्ट बोललो. म्हणालो, शुभकार्य आहे, एवढं ऐका. त्या म्हणाल्या, ठीक आहे. कडी आम्हीच काढून देतो. जिने घातली तीच काढेल.

इतकं सोपं होतं! गोड बोलून सांगितलं की बायका ऐकतात. ऑफिसातही हेच धोरण ठेवणार.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ११

कापड इस्त्री होऊन आलं. भिंग लावून पाहिलं. घर आहे, दार आहे, कडी नाही. नुसती भोकं. मी जिंकलो.

मनाली दोन दिवस जेवलेली नाही. उपास असेल, चैत्रातले. वत्सला तिच्याजवळ बसून असते. मी गेलो की दोघी उठतात. साखरपुडा झाला की सगळं पहिल्यासारखं होईल.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ८

पाचला उठलो! अलार्मशिवाय. मांडव, खुर्च्या, पेढे, सगळं वेळेवर. कापड पाटामागे लावलं. लांबून फार सुंदर दिसतं. प्रास्ताविक पाठ झालं आहे. अण्णा दहाला येतील.

६ एप्रिल. संध्याकाळी ५

काय झालं ते क्रमाने लिहितो.

अण्णा, गोरक्ष, त्याची आई आणि वीसेक माणसं आली. मनाली पाटावर बसली. साडी दिली, नारळ दिला. मग रीतीप्रमाणे सवाष्णी हळदीकुंकू लावायला उठल्या. पहिल्या सुलाबाई. मनालीला हळदीकुंकू लावलं आणि परत जागेवर जायच्या ऐवजी त्या पाटामागे गेल्या. पदराला सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला. कापडाला एक टाका घातला आणि खाली येऊन बसल्या.

मला वाटलं, आशीर्वाद असेल. नवीन पद्धत. मी अण्णांना तसं सांगितलंही.

दुसरी बाई उठली. हळदीकुंकू, मग एक टाका. तिसरी. चौथी. सगळ्यांकडे लाल दोरा. कोणी घाई करत नव्हतं. भटजींचे मंत्र चालू होते, मग ते कधीतरी थांबले. आठव्या बाईच्या वेळी मला आकार दिसला. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

अण्णा मला म्हणाले, हे काय आहे, खैरनार? मी म्हणालो, भरतकाम आहे.

पंधरा बायका झाल्या. कडी जवळजवळ पुरी झाली होती, दाराच्या बाहेरच्या बाजूने, फक्त कोयंड्यातलं टोक राहिलं होतं. मग वत्सला उठली. तिने मनालीच्या कपाळाला कुंकू लावलं, हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला थोडा वेळ. मागे गेली आणि सोळावा टाका घातला. दोरा दाताने तोडला. मांडवात इतकी शांतता होती की तो तुटलेला ऐकू आला.

गोरक्षची आई ताडकन उठली. ही काय अभद्र रीत, म्हणाली. तेव्हा मागे चपलांजवळ बसलेली चांगुणा उभी राहिली. ती हळदीकुंकवाला आली नव्हती, तिचा नवरा नाही. म्हणाली, काकू, मी मोरीत भांडी घासत व्हते. तुमी कडी लावली, माझ्या म्होरं लावली. पोरगी आतून हाका मारत व्हती. मी उठले तर गोरक्षदादानं माझा हात धरला. दुसऱ्या दिशी मला कामावरनं काढलं. मी भ्याले. तीन वर्सं कुनाला बोलले नाय. बोलायला बसले की तोंड बंद व्हायचं, म्हनून शिवलं.

अण्णा माझ्याकडे वळले. खैरनार, तुम्ही सांगा यांना. तुम्ही जबाब दिलाय. आतून होतं ना?

सगळे माझ्याकडे बघत होते. मनालीसुद्धा. मी प्रास्ताविकाचा कागद खिशातून काढला आणि पुन्हा घडी घातली.

मनालीने मांडीवरचा नारळ पाटावर ठेवला, साडी त्याच्या शेजारी ठेवली आणि उठली. वणीची माणसं न जेवता गेली. पेढे सगळे शिल्लक आहेत.

७ एप्रिल, सोमवार

घरात कोणी नाही. वत्सला आणि मनाली समोर कलाबाईंकडे आहेत. इथून दिसतात. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ.

अण्णांना पत्र लिहायला घेतलं. 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर'. पुढचं सुचेना. पत्र फाडलं. दुसरं वत्सलाला लिहायला घेतलं. त्याचा मायनाच जमला नाही.

९ एप्रिल, बुधवार

वत्सला कपडे न्यायला आली. म्हणाली, उद्या अकराला जिल्ह्याच्या पोलीस साहेबांकडे जातोय. चांगुणा जबाब देणार आहे. तुम्ही आलात तर या. आग्रह नव्हता त्यात, रागही नव्हता. माझ्याशी असं ती कधी बोलली नाही. दुकानदाराशी बोलते तसं.

जायचं ठरवलं आहे. मुख्य साक्षीदार मीच. मी घटनेच्या दिवशी तिथे पहिला पोचलेला माहेरचा माणूस. चांगुणा बिचारी अडाणी, साहेबांसमोर गोंधळेल. मी मुद्देसूद मांडेन. केस माझ्यामुळेच उभी राहील. मुद्दे काढून ठेवले आहेत. कदाचित यानंतर त्या दोघी घरी येतील.

१० एप्रिल, गुरुवार. दुपारी ३

चांगुणा गोंधळली नाही. तिने वीस मिनिटांत सगळं सांगितलं, कापड पसरून दाखवलं, अंगठा उठवला.

मग मी मुद्द्यांचा कागद काढला. साहेब म्हणाले, थांबा. त्यांनी जुनी फाइल मागवून ठेवली होती. त्यातला माझा तीन वर्षांपूर्वीचा जबाब मोठ्याने वाचला. 'स्वयंपाकघराचे दार आतून बंद होते. कडी आतल्या बाजूस असल्याचे मी स्वतः पाहिले. माझी कोणावरही तक्रार नाही.' म्हणाले, या प्रकरणात आमच्या आड येणारा एकच कागद आहे, तो तुमचा आहे. बाकी कोणी काही पाहिलंच नाही असं म्हणतंय. पाहिलं असं तुम्हीच म्हणताय. आता बोला.

मी बोललो. दार लोकांनी ढकलून तोडलं होतं. कडी कोयंड्यात तशीच होती, बाहेरच्या बाजूला, लाकडाचा तुकडा घेऊन लोंबत होती. मी ती हातात धरून पाहिली. गरम होती. अण्णा मागून आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, झालं ते झालं, घराण्याचं नाव बघा. मी कडीवरचा हात काढला.

हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं, इथेसुद्धा नाही.

साहेबांनी विचारलं, मग खोटं का सांगितलंत?

मी म्हणालो, धाकटीचं लग्न व्हायचं होतं.

साहेबांनी मान वळवून बाकावर बसलेल्या मनालीकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती खाली बघत होती. वत्सला कापडाची घडी घालत होती, टोकाला टोक जुळवून. साहेब म्हणाले, नवा जबाब लिहून घेतो. खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावर काय करायचं ते नंतर बघू. मी सही केली.

बाहेर आलो. कलाबाईंनी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि त्या स्वतः शेजारणीच्या स्कूटरवर पुढे गेल्या होत्या. वत्सला आत बसली, मग मनाली, मग चांगुणा, तिघींच्या मांडीवर कापडाचं गाठोडं. मी रिक्षाच्या दांडीला धरून उभा होतो. वत्सलाने सांगितलं, हात काढा, जायचंय.

काढला. चालत घरी आलो.